पोशाखाचा कायदा आणि मजुरीचा कायदा

हेन्री आठव्याचे ते सुप्रसिद्ध चित्र ज्याच्या पाहण्यात आलेले नाही, असा इतिहासाचा विद्यार्थी विरळाच. पाय फाकून, समोर रोखून पाहत उभा असलेला तो धिप्पाड राजा. खांद्यांची रुंदी दुप्पट भासावी असा फर लावलेला झगा. आत जरीचा आणि रत्नांचा अंगरखा. त्या अंगरख्याला मुद्दाम पाडलेल्या चिरा आणि त्या चिरांतून फुगवून बाहेर काढलेले आतल्या सदऱ्याचे पांढरेशुभ्र कापड. हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराने १५३७ साली लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातील भिंतीवर ही प्रतिमा रंगवली. १६९८ च्या आगीत राजवाड्याबरोबर भिंतीवरचे चित्रही गेले. परंतु होल्बाइनचे मूळ रेखाटन आणि चित्राच्या अनेक नकला मागे राहिल्या, आणि इंग्लंडमधील प्रबोधनकाळ म्हणजे हाच पोशाख, अशी समजूत जगभर रूढ झाली.

तीस वर्षे आर्थिक इतिहास शिकवताना मी हे चित्र वर्गात दाखवीत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, हा अंगरखा ज्याने शिवला त्याच्या अंगावर काय होते?” मुलगा गिरणी कामगाराचा होता. वर्गात थोडा हशा पिकला आणि मीही काही तरी बोलून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर मला उत्तर ठाऊक नव्हते. राजाच्या दरबारातील कापडाचे नाव, रंग, भाव हे सारे पुस्तकांतून सापडत होते. शिवणाऱ्याच्या, विणणाऱ्याच्या, सूत कातणाऱ्याच्या अंगावर काय होते, हे शोधण्याचे मला कधी सुचलेच नव्हते. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा त्या प्रश्नाकडे मी पुन्हा वळलो. त्या शोधातून जे हाती लागले ते निव्वळ पोशाखाच्या इतिहासापुरते मर्यादित नाही, असे वाटल्यावरून ते या पानावर मांडीत आहे.

माझा मुद्दा थोडक्यात असा : सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्लंडमध्ये पोशाख ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती, कोणी काय ल्यावे हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले होते. हे कायदे चैनीला आळा घालण्यासाठी केले, असे त्यांच्या प्रस्तावनेत म्हटले आहे, आणि पुष्कळ सज्जन माणसे आजही त्या शब्दांवर विश्वास ठेवतात. वस्तुतः त्यांनी आळा घातला तो चैनीला नव्हे, खालच्या माणसाने वरच्यासारखे दिसण्याला. चैनीवरची बंदी आणि समता या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे त्या कायद्यांच्या कलमांतून जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसेल.

दोन पोशाख

प्रथम तो पोशाख समजून घेतला पाहिजे. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईनंतर हेन्री सातवा गादीवर आला, तेव्हा युरोपात लांब टोकदार जोड्यांची आणि उंच, सडपातळ दिसण्याची रीत मावळत आली होती. पुढच्या पन्नास वर्षांत सारा भर रुंदीवर आला. जोड्यांची टोके चौकोनी झाली, टोप्या चपट्या झाल्या, खांदे पसरले. पुरुषाच्या अंगात आधी लिननचा सदरा, त्यावर डब्लेट नावाचा घट्ट, अस्तर लावलेला अंगरखा, त्यावर बंडी किंवा जॅकेट आणि सर्वांवर घोळदार झगा. पायांना होज म्हणजे कापडाचे घट्ट पायमोजे, कमरेपर्यंत येणारे, आणि ते डब्लेटला नाड्यांनी बांधलेले. कापडाला चिरा पाडून आतले कापड दाखवण्याची तऱ्हा स्विस आणि जर्मन भाडोत्री सैनिकांकडून आली असे सांगतात. लढाईत फाटलेल्या कपड्यांतून जन्मलेली रीत दरबारात गेली, आणि धडधाकट मखमल कात्रीने कापणे हे श्रीमंतीचे लक्षण ठरले.

स्त्रियांच्या पोशाखात चौकोनी गळा, कमरेपर्यंत आवळलेली चोळी, खाली घंटेसारखा पसरणारा घागरा आणि मनगटापाशी रुंद होऊन फरसकट मागे दुमडलेल्या बाह्या. डोक्यावर घराच्या छपरासारखे टोक असलेले इंग्रजी शिरोवस्त्र असे. अॅन बोलिनच्या काळात गोलसर फ्रेंच शिरोवस्त्राची चलती झाली. बाह्या वेगळ्या शिवून नाड्यांनी किंवा टाचण्यांनी जोडीत. असा पोशाख अंगावर एकटीने चढवणे अशक्यच होते. तो घालायला दुसऱ्याचे हात लागत, आणि घातल्यावर स्वतःच्या हातांनी काही काम करता येत नसे. मला वाटते, त्या पोशाखाचा खरा अर्थ यातच आहे. ‘मला काम करावे लागत नाही’ हे वाक्य तो माणूस अंगावर वागवीत होता. त्या चिरांतून दिसणारी पांढरी शुभ्रता तरी कशाची होती? ती धोबिणीच्या मेहनतीची होती.

रंगांचीही उतरंड होती. भारी किरमिजी रंग ज्या वाळवलेल्या किड्यांपासून काढीत, त्यांच्याच अरबी नावावरून आपला ‘किरमिजी’ हा शब्द आला आहे. हा रंग दुरून येई आणि अतिशय महाग पडे. दाट काळा रंगही साधण्यास कठीण म्हणून प्रतिष्ठेचा. याउलट वोड नावाच्या पाल्यापासून निघणारा निळा रंग स्वस्त. म्हणून पुढे नोकर आणि उमेदवार कारागीर यांचा निळा डगला ही ओळखच होऊन बसली.

कष्टकऱ्याच्या अंगावर काय होते? जाडेभरडे लिनन किंवा अंबाडीसारख्या धाग्याचा सदरा, वर न रंगवलेल्या किंवा मातकट रंगाच्या लोकरीचा डगला, लोकरीचे होज, विणलेली टोपी. त्या काळच्या चित्रांत शेतावर वाकलेला मजूर दिसतो तेव्हा त्याच्या होजच्या मागच्या नाड्या पुष्कळदा सोडलेल्या असतात. कारण नाड्या बांधून कमरेत वाकताच येत नसे. म्हणजे वरच्या वर्गाच्या अंगासाठी बेतलेला आकार खालच्या माणसाने घेतला खरा, पण कामाच्या वेळी त्याला तो मोडावा लागला. नवे कापड त्याच्या वाट्याला क्वचित येई. मृत्युपत्रांत जुना डगला, जुना झगा नातलगाला किंवा चाकराला ठेवल्याचे उल्लेख विपुल आहेत. जुन्या कपड्यांचा स्वतंत्र व्यापार होता. एकच कापड मालकाच्या अंगावरून चाकराच्या, चाकराच्या अंगावरून बाजारात आणि बाजारातून मजुराच्या अंगावर असे उतरत जाई.

कायद्याची कलमे

आता कायद्याकडे वळू. ही कल्पना ट्यूडर राजांची नव्हे. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची फार मोठी प्रजा मृत्युमुखी पडली, मजुरांची टंचाई झाली आणि मजुरी वाढू लागली. तेव्हा १३५१ च्या कायद्याने मजुरी जुन्या दरावर बांधून टाकण्याचा यत्न झाला. पाठोपाठ १३६३ साली पोशाखाचा कायदा आला : ज्याची मालमत्ता चाळीस शिलिंगांची नाही अशा गाडीवानाने, नांगरधाऱ्याने, गुराख्याने बारा पेन्सच्या जाड्या लोकरी कापडाखेरीज काही नेसू नये. तो कायदा लगोलग रद्दही झाला. परंतु या दोन कायद्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी मजुरीवर मर्यादा, मग मजुरीतून घ्यावयाच्या कपड्यावर मर्यादा.

हेन्री आठवा १५०९ साली गादीवर आला आणि त्याच्या पहिल्याच पार्लमेंटने १५१० साली महागड्या पोशाखाविरुद्ध कायदा केला. जांभळे रेशीम आणि जांभळे जरतारी कापड फक्त राजा व राजघराण्यातील माणसे यांनी वापरावे. जरतारी कापड आणि सेबलची फर सरदाराच्या खालच्या कोणी वापरू नये. मखमल, रेशीम, परदेशी लोकर यांच्या पायऱ्या त्याखाली. नोकराच्या झग्यात किती वार कापड असावे, हेही ठरवून दिलेले. सर्वांत खालच्या पायरीवर शेतचाकर, मेंढपाळ आणि दहा पौंडांहून कमी मालमत्तेचे मजूर. त्यांनी दोन शिलिंग वारापेक्षा महाग रुंद पन्ह्याचे कापड वापरू नये, होजसाठी दहा पेन्स वारापेक्षा महाग कापड घेऊ नये. घेतल्यास तीन दिवस खोड्यात. वरच्या पायऱ्यांवर शिक्षा कपडा जप्त होण्याची आणि दंडाची. शरीराला शिक्षा फक्त शेवटच्या पायरीवर. स्त्रियांना या कायद्यातून वगळले होते. शिवाय राजाने परवाना दिला की बंदी उठे. म्हणजे ज्याची राजाशी जवळीक, त्याच्यापुरता कायदा नव्हताच.

आता अर्थशास्त्राच्या एका जुन्या शिक्षकाला थोडा हिशेब मांडू द्या. १५१५ च्या आरंभी भरलेल्या पार्लमेंटने एकाच अधिवेशनात दोन कायदे केले. एक पुन्हा पोशाखाचा. दुसरा मजुरीचा. या दुसऱ्या कायद्याने अकुशल मजुराची कमाल मजुरी उन्हाळ्याच्या सहामाहीत दिवसाला चार पेन्स आणि हिवाळ्यात तीन पेन्स अशी ठरवली. बारा पेन्सचा एक शिलिंग; म्हणजे ज्या दोन शिलिंगांच्या पलीकडे मजुराने जाऊ नये असे आधीच्या कायद्याने बजावले, ते दोन शिलिंग मिळवायला त्याला उन्हाळ्यात सहा दिवस आणि हिवाळ्यात आठ दिवस राबावे लागे, आणि तेही पोटाला काही न खाता. एका वाराची ही गोष्ट. डगल्याला दोन-तीन वार लागतात. ज्या माणसाला मर्यादेपर्यंत पोहोचणेच दुरापास्त, त्याला मर्यादा ओलांडू नकोस असे सांगण्यात कोणते आर्थिक प्रयोजन असू शकेल? प्रयोजन आर्थिक नव्हतेच. त्या कलमाचे काम मजुराला त्याची जागा दाखवण्याचे होते.

फेल्प्स ब्राउन आणि शीला हॉपकिन्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९५६ साली इंग्लंडमधील बांधकाम मजुरांची सात शतकांची मजुरी आणि वस्तूंचे भाव यांचा मेळ घालून दाखवला. त्यातून दिसते ते असे की, सोळाव्या शतकात भाव चढत गेले, मजुरी मागे रेंगाळली आणि शतक संपताना मजुरीची खरेदीशक्ती आरंभीच्या जवळजवळ निम्म्यावर आली. हा काळ इंग्लंडमधील प्रबोधनाचा, चित्रांचा, काव्याचा, नाटकांचा. ते वैभव खोटे होते असे मला म्हणायचे नाही. परंतु त्या वैभवाची जमेची बाजू चित्रांत दिसते, नावेची बाजू मजुरीच्या तक्त्यात.

चोरी कशामुळे होते?

१५१० च्या कायद्याच्या प्रस्तावनेत एक विधान आहे, त्याकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. महागड्या पोशाखामुळे राजाची प्रजा दरिद्री होत आहे आणि त्यापायी पुष्कळांना चोरी आणि लुबाडणूक करण्याची बुद्धी होत आहे, अशा आशयाचे ते विधान आहे. म्हणजे चोरीचे कारण : गरिबाची नटण्याची हौस.

सहाच वर्षांनी, १५१६ साली, टॉमस मूर यांचा ‘युटोपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात कार्डिनल मॉर्टन यांच्या भोजनाच्या वेळी नेमका हाच प्रश्न निघतो : इतके चोर फासावर लटकवूनही चोऱ्या थांबत का नाहीत? मूर यांनी निर्माण केलेला प्रवासी राफाएल त्याचे उत्तर अगदी वेगळे देतो. लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी शेते कुंपणात घातली, गावे मोडली, घरे पाडली. आणि गरीब मेंढी ही जणू माणसे खाणारे जनावर बनली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापुढे भीक किंवा चोरी याखेरीज मार्ग राहिला नाही. म्हणजे चोरीचे कारण : श्रीमंताची लोकरीची हाव. चोरी तीच, माणसे तीच, काळ तोच. एका निदानात दोष गरिबाच्या अंगावरच्या कपड्यात आहे, दुसऱ्यात तो कपडा ज्या लोकरीतून झाला तिच्या मालकीत आहे. आर्थिक विचाराच्या इतिहासात दोन दृष्टी इतक्या समोरासमोर उभ्या राहिल्याचे उदाहरण मला तरी दुसरे सहज आठवत नाही.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, कुंपणबंदी साऱ्या इंग्लंडभर झालेली नव्हती. ती मुख्यतः मध्य इंग्लंडच्या परगण्यांत झाली आणि तिचा बराच भाग हेन्री सातव्याच्या आधीच उरकला होता. आर. एच. टॉनी यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाची जी मांडणी केली, तिच्यात पुढच्या संशोधकांनी पुष्कळ दुरुस्त्या केल्या आहेत. राज्यकर्ते याबाबत अगदीच स्वस्थ बसले होते असेही नाही. १४८९ आणि १५१५ साली गावे मोडण्याविरुद्ध कायदे झाले, १५१७ साली वुल्झी यांनी चौकशी समिती नेमली, आणि १५३४ च्या कायद्याने एका माणसाने २,४०० हून अधिक मेंढ्या ठेवू नयेत असे ठरवले. कोणाकोणाकडे चोवीस-चोवीस हजार मेंढ्या आहेत, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. परंतु दोन मर्यादांची तुलना करा. मजुराला वारामागे दोन शिलिंगांची मर्यादा, मेंढ्यांच्या मालकाला चोवीसशे मेंढ्यांची. पहिलीसाठी खोडा. दुसरी अमलात आणायची कोणी? ज्या सरदार-जमीनदारांच्या आणि न्यायाधीशांच्या हाती अंमलबजावणी होती, त्यांच्यातच मेंढ्यांचे मालक होते.

लॅव्हनमचे उत्तर

लोकरीचा हा धंदा किती मोठा होता? इंग्रजी लोकरी कापड हीच त्या देशाची मुख्य निर्यात होती. बहुतेक माल न रंगवलेला, पांढरा, लंडनहून अँटवर्पला जाई. तेथे त्याला रंग आणि सफाई चढे. १५५० च्या सुमारास लंडनहून वर्षाला सव्वा लाखाहून अधिक ठाणे बाहेर जात होती. या व्यापाराच्या मागे खेड्यापाड्यांतली घरे होती. कापड-व्यापारी लोकर विकत घेई, ती घरोघर वाटी. बायका पिंजून सूत कातीत, पुरुष मागावर विणीत, मग पाणचक्कीवर कापड ठोकून घट्ट करीत, ताणून वाळवीत, केस उठवून कातरीत. कच्चा माल त्याचा, बाजार त्याचा, किंमत त्याची. मजुराचे फक्त हात. कारखाना येण्याच्या दोनशे-अडीचशे वर्षे आधी भांडवलाचे हे नाते इंग्लंडच्या खेड्यात रुजलेले होते.

सफक परगण्यातील लॅव्हनम हे त्या धंद्याचे एक नामांकित गाव. स्प्रिंग घराण्यासारख्या कापड-व्यापाऱ्यांच्या पैशावर तेथे उभे राहिलेले चर्च आजही पाहायला मिळते. त्याचा मनोरा दुरून दिसतो. १५२५ साली फ्रान्सवरील स्वारीसाठी वुल्झी यांनी पार्लमेंटला न विचारता जबर वर्गणी मागितली. ‘स्नेहाची देणगी’ अशा अर्थाचे नाव तिला दिले होते. वर्गणी भरायची तर आम्ही कामे देऊ शकत नाही, असे व्यापाऱ्यांनी विणकरांना, सूत कातणाऱ्यांना, कापड ठोकणाऱ्यांना सांगितले. हजारोंच्या संख्येने हे कामगार लॅव्हनमला जमले. समजूत घालण्यासाठी आलेल्या नॉर्फोकच्या ड्यूकने त्यांना विचारले, तुमचा पुढारी कोण? एडवर्ड हॉल या तत्कालीन बखरकाराने लिहून ठेवले आहे की, त्यांच्यातल्या एका वृद्धाने कोणा माणसाचे नाव घेतले नाही. दारिद्र्य हेच आपले पुढारी असल्याचे त्याने सांगितले. राजाला वर्गणी मागे घ्यावी लागली.

अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १५२० च्या जूनमध्ये, हाच राजा फ्रान्सच्या राजाला भेटायला समुद्रापार गेला होता. त्या भेटीत दोन्ही बाजूंनी जरतारी कापडाची इतकी उधळण झाली की, त्या जागेचे नावच ‘जरतारी कापडाचे मैदान’ असे पडले. तेथे जमलेल्यांच्या अंगावरच्या कापडाचा तपशील इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर मिळतो. लॅव्हनमला जमलेल्यांच्या अंगावर काय होते, याची यादी कोणी केली नाही.

कुंपण का मोडले?

पोशाखाचे कायदे पुन्हापुन्हा करावे लागले, याचाच अर्थ ते पाळले जात नव्हते. १५१० नंतर १५१५ मध्ये दोनदा आणि पुढे १५३३ साली. मग एलिझाबेथच्या कारकिर्दीत जाहीरनाम्यांवर जाहीरनामे. प्रत्यक्ष खटल्यांच्या नोंदी मात्र विरळ आहेत. कारण उघड आहे. रक्ताने ठरलेल्या उतरंडीला पैशाने ठरणारी उतरंड धक्के देत होती. वुल्झी हे इप्सविचच्या खाटकाचे चिरंजीव म्हणून ओळखले जात. त्यांच्या अंगावर कार्डिनलचे किरमिजी रेशीम होते. टॉमस क्रॉमवेल यांचे वडील पुटनीचे लोहार. मुलगा राजाचा मुख्य मंत्री झाला आणि होल्बाइनपुढे फर लावलेल्या काळ्या झग्यात बसला. १५३३ च्या कायद्याने तर पायऱ्यांना वार्षिक उत्पन्नाचे आकडेच जोडून दिले. कुळाची जागा पैसा घेऊ लागल्याची ती सरकारी कबुलीच म्हणायची.

१५७१ साली तर उलट्या दिशेचा कायदा झाला. टोप्या विणणाऱ्यांचा धंदा बसू लागला म्हणून सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी आणि सणाला इंग्लंडमध्ये विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे, नाही तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड, असे फर्मान निघाले. सरदार, नाइट, जमीनदार सभ्य गृहस्थ आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांना अर्थातच सूट. धंदा वाचवण्याचा हेतू रास्त असेल. परंतु परिणाम असा झाला की, ती चपटी टोपी हीच खालच्या वर्गाची खूण बनली. हे घालू नका म्हणणारा कायदा आणि हे घाला म्हणणारा कायदा, दोघांचाही रोख एकाच माणसाच्या डोक्यावर. टोपीचा कायदा १५९७ साली गेला आणि पोशाखाचे सारे कायदे १६०४ साली रद्द झाले.

मग समता आली का? नाही. कायद्याने करायचे काम किंमत करू लागली. पूर्वी मजुराला मखमल निषिद्ध होती. आता ती निषिद्ध राहिली नाही, फक्त परवडेनाशी राहिली. खोडा गेला, दुकानाचा उंबरठा आला. उदारमतवादी इतिहासकार या रद्दीकरणाला व्यक्तिस्वातंत्र्याचा विजय मानतात, आणि तो तसा आहेच. त्याची किंमत मी कमी लेखीत नाही. परंतु ज्या स्वातंत्र्याचा उपभोग घ्यायला सहा दिवसांची मजुरी एका वारात घालवावी लागते, त्याला पुरे स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे.

साधेपणा कोणाचा?

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका उभी राहील, आणि ती मला स्वतःलाही बराच काळ छळीत होती. आपल्या चळवळीत साधेपणाला मान आहे. खादीच्या दोन जोड्यांवर आयुष्य काढलेली माणसे आपण पाहिली आहेत. मग एखाद्या राज्याने रेशमावर, जरीवर, परदेशी फरवर बंदी घातली तर त्यात समाजवाद्याने दुःख का मानावे? देशाचा पैसा बाहेर जाऊ नये, चैन आटोक्यात राहावी, ही उद्दिष्टे तर आपलीही आहेत.

या शंकेचे उत्तर मूर यांच्याच ग्रंथात आहे. त्यांच्या कल्पित बेटावरही पोशाखाचा नियम आहे. कामाच्या वेळी चामड्याचे साधे कपडे, सात वर्षे टिकतील असे; वर लोकरीच्या मूळ रंगाचा एकाच तऱ्हेचा झगा. सोन्याच्या तेथे गुलामांच्या बेड्या आणि मलमूत्राची भांडी करतात. परदेशी वकील सोन्यारूप्याने मढून येतात तेव्हा लोक त्यांना गुलाम समजतात आणि त्यांच्या साध्या चाकरांना मुजरा करतात. फरक काय तो पाहा. हेन्रीच्या कायद्यात साधेपणा खाली जावे तसा वाढत जातो. मूरच्या बेटावर नागरिकांमध्ये तो सर्वांना सारखा आहे. पहिल्यात साधेपणा ही शिक्षा आहे, दुसऱ्यात तो करार आहे. मूर यांचे बेट निर्दोष नव्हे. तेथे गुलाम आहेत, ही गोष्ट झाकता येत नाही. स्वतः मूर १५२७ साली होल्बाइनच्या चित्रात मखमली बाह्या, फर आणि सोन्याची साखळी घालून बसलेले दिसतात. विचाराच्या मागे आचार राहतो, हे आपल्यालाही नवे नाही. तरी विचाराची दिशा चुकलेली नव्हती.

तेव्हा कसोटी सोपी आहे. काटकसरीचा, संयमाचा, साधेपणाचा कोणताही नियम पुढे आला की एवढेच विचारावे : तो कोणापासून सुरू होतो? वरून सुरू होऊन खाली येत असेल तर त्याला नीती म्हणावे. खालून सुरू होऊन वर जाता जाता विरून जात असेल तर तो कितीही सुंदर शब्दांत लिहिलेला असो, ते कुंपण होय. गरिबाने अंगावर एखादे चांगले वस्त्र घातले की त्याला उधळ्या म्हणणारे आणि त्याच्या दारिद्र्याचे खापर त्या वस्त्रावर फोडणारे लोक १५१० साली पार्लमेंटात बसले होते. ते तेथेच संपले, असे मानण्याचे कारण नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आज मी थोडेसे उत्तर देऊ शकतो. १९ जुलै १५४५ रोजी हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका पोर्ट्समथजवळ, राजाच्या डोळ्यांदेखत बुडाली. चारशेहून अधिक माणसे गेली. १९८२ साली ती नौका समुद्रातून वर काढण्यात आली आणि गाळात दबलेले खलाशांचे सामान उजेडात आले : चामड्याचे जोडे, बिनबाह्यांच्या चामडी बंड्या, लोकरी कपड्यांचे तुकडे, टोप्या, उवा काढायच्या फण्या. सदरे मात्र नाहीत. लिनन समुद्रात कुजून गेले. राजाच्या आतल्या सदऱ्याची शुभ्रता चित्रात अमर झाली आणि त्याच्यासाठी बुडालेल्या माणसाच्या सदऱ्याचा धागाही उरला नाही. जे उरले ते जोडे आज पोर्ट्समथच्या संग्रहालयात ठेवलेले आहेत. तो मुलगा आता पन्नाशीच्या घरात असेल. कधी भेटला तर त्याला मी एवढेच सांगेन की, तुझा प्रश्न बरोबर होता. पुस्तकाने तो आधी विचारायला हवा होता, आणि मीही.